आनंदवृक्ष, नरक्या आणि सालीतील बुरशी

दक्षिण चीनमध्ये वाढणाऱ्या एका उंच झाडाला तेथील लोक ‘आनंदवृक्ष’ म्हणतात. सह्याद्रीच्या रानात दुसरे एक झाड आहे. त्याच्या दुर्गंधामुळे लोकांनी त्याला ‘नरक्या’ हे नाव दिले. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही दोन झाडे एका कुळातील नव्हेत. तथापि दोहोंच्या अंगी एकच विष आहे, आणि त्या विषाची ओळख जगाला रक्ताच्या कर्करोगाचे औषध शोधताना झाली.

ह्या रोगात, म्हणजे ल्यूकेमियात, रोगट पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात आणि निरोगी रक्त तयार होण्यास अस्थिमज्जेत जागाच उरत नाही. १९६० च्या सुमारास अमेरिकेत असंख्य वनस्पतींचे अर्क ल्यूकेमिया झालेल्या उंदरांवर तपासले जात होते. त्यांत आनंदवृक्षाचा अर्क विशेष प्रभावी ठरला. त्यातील मूळ द्रव्य वेगळे करण्याचे काम नॉर्थ कॅरोलायनातील मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी आपल्या सहकाऱ्यांसह हाती घेतले. वाणी हे मूळचे नंदुरबारचे. मुंबई विद्यापीठाचे शिक्षण संपवून ते अमेरिकेत गेले होते. काम मोठ्या चिकाटीचे होते. अर्काचे भाग पाडावयाचे, प्रत्येक भाग तपासावयाचा आणि ज्यात गुण दिसेल तोच पुढे घ्यावयाचा. १९६६ साली कॅम्पटोथेसिन ह्या द्रव्याची रचना प्रसिद्ध झाली.

उंदरांत जे साधले ते माणसांत मात्र साधले नाही. हे द्रव्य पाण्यात विरघळत नसल्यामुळे त्याचे विरघळणारे रूप बनवून रुग्णांना देण्यात आले. गुण थोडा आणि मूत्राशयाला इजा फार, असे दिसून आल्यावर १९७० नंतर थोड्याच वर्षांत ते प्रयोग थांबले.

ह्या विषाच्या क्रियेचा उलगडा १९८५ साली झाला. पेशी दुभंगण्यापूर्वी तिच्यातील डीएनएची प्रत तयार व्हावी लागते. त्या वेळी डीएनएच्या दोराला पडणारा पीळ सैल करण्यासाठी एक विकर त्याचा एक पदर क्षणभर तोडते व पुन्हा सांधते. कॅम्पटोथेसिन नेमके ह्या तोडण्या-सांधण्याच्या मधल्या क्षणी अडकून बसते आणि सांधा जुळू देत नाही. भराभर दुभंगणाऱ्या कर्कपेशीला हा घाव जिव्हारी लागतो. ह्या ज्ञानाचे फळ म्हणून मूळ द्रव्यात फेरफार करून बनवलेली टोपोटेकान आणि आयरिनोटेकान ही औषधे १९९६ साली अमेरिकेत मान्य झाली; पहिले अंडाशयाच्या आणि दुसरे आतड्याच्या कर्करोगावर.

औषधाला मागणी आली आणि कुऱ्हाड सह्याद्रीकडे वळली. कारण नरक्यातही हेच द्रव्य आहे, असे गोविंदाचारी आणि विश्वनाथन ह्या मुंबईच्या गोरेगाव येथील रसायनशास्त्रज्ञांनी १९७२ सालीच दाखवून दिले होते. खोड आणि मुळे ह्यांसाठी अख्खी झाडे तुटू लागली आणि अनेक रानांत नरक्या विरळ झाला.

अशा वेळी २००५ साली एक नवी आशा दिसली. जम्मू येथील प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी जर्मन सहकाऱ्याच्या साहाय्याने नरक्याच्या आतल्या सालीत वस्ती करणारी एक बुरशी वेगळी काढली. ही बुरशी झाडाला रोग करीत नाही. मुकाट्याने त्याच्या घरात राहते. झाडापासून दूर, काचपात्रात वाढवली असताही तिने कॅम्पटोथेसिन तयार केले, आणि त्या द्रव्याने मानवी कर्कपेशी मारल्या. झाड न तोडता पिंपांतून औषध काढता येईल, असे वाटू लागले. पेनिसिलिनचा इतिहास डोळ्यांसमोर होताच.

पण बुरशीने शास्त्रज्ञांना लवकरच सावध केले. जर्मनीतील डॉर्टमुंड येथे आनंदवृक्षातून काढलेल्या अशाच एका बुरशीच्या पिढ्यांमागून पिढ्या काचपात्रात वाढवण्यात आल्या. प्रत्येक पिढीगणिक विष कमी होत गेले. हे द्रव्य बनवण्याच्या साखळीतील काही दुवे बुरशीपाशी असतात, पण एक महत्त्वाचे विकर तिच्यापाशी नसते. ते तिला झाडाकडून घ्यावे लागते, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. एकदा मंदावलेली बुरशी पुन्हा झाडात सोडली, तरी तिची गेलेली शक्ती परत आली नाही.

म्हणून औषधासाठी अद्याप झाडाच्याच द्रव्याचा आधार घ्यावा लागतो. ल्यूकेमियाच्या उंदरांपासून निघालेली ही वाट बुरशीपर्यंत पोहोचली आणि तेथून पुन्हा रानाकडे वळली. बुरशी झाडाची जागा घेईल, ही कल्पना फोल ठरली. कारण तिची विद्या झाडाच्या सहवासातच टिकते. सह्याद्रीतला नरक्या तुटला, तर त्याच्या सालीत अजून कोणकोणत्या बुरशी राहत होत्या, हे विचारावयासही काही उरणार नाही.