पुसल्यावाचून पुन्हा गाणे

कॅसेटच्या पाठीवरचे प्लास्टिकचे चिमुकले कान मोडून ठेवण्याची खबरदारी आपल्यापैकी अनेकांनी घेतली असेल. ते शाबूत राहिले की कुणीतरी नकळत कळ दाबायचा आणि जुन्या आवाजाच्या जागी नवा आवाज बसायचा. फितीचा तो धर्मच होता. बहुट्रॅक ध्वनिमुद्रणाच्या इतिहासाचा मोठा भाग याच अडचणीशी झगडण्यात गेला आहे.

अमेरिकन गिटारवादक लेस पॉल यांनी १९४८ च्या ‘लव्हर’मध्ये गिटारचे आठ थर तबकड्यांवर एकावर एक चढवले. पुढे १९४९ साली गायक बिंग क्रॉस्बी यांनी त्यांना अँपेक्स कंपनीचे टेपयंत्र भेट दिले. त्यात फेरफार करून ते जुना आवाज वाजवीत, त्यात नवा मिसळीत आणि दोन्ही त्याच फितीवर उतरवीत. आधीचा थर त्या क्षणी नाहीसा होई. सातव्या थराला एक सूर चुकला, तर पहिल्यापासून आरंभ! १९५७ साली अँपेक्सने त्यांना एक इंच रुंद फितीवर आठ समांतर पट्टे असलेले यंत्र दिले. चार आवाजांत गाणाऱ्या गायनवृंदाचा प्रत्येक आवाज निराळ्या पट्ट्यावर ठेवावा, तशी ही सोय होती.

तरीही पट्टे मोजकेच. बीटल्सनी १९६७ चा ‘सार्जंट पेपर’ लंडनमधील एबी रोडवरच्या स्टुडिओत चार ट्रॅकच्या यंत्रांवर केला. चारही भरले की ते एकत्र करून दुसऱ्या फितीवर उतरवायचे, म्हणजे पुढच्या वाद्यांना जागा होई. मात्र प्रत्येक उतरवणीत फितीची खरखर वाढे, आणि एकत्र झालेल्या ढोल-गिटारांचे प्रमाण मग बदलता येत नसे. १९७९ साली टीॲक कंपनीच्या पोर्टास्टुडिओने चार ट्रॅक साध्या कॅसेटवर, घरातल्या टेबलावर आणले. अडचणही तीच आणली.

ती सोडवणारे यंत्र १९९६ साली इकुतारो काकेहाशी यांच्या रोलंड या जपानी कंपनीने काढले. त्याचे नाव व्हीएस-८८०. यात फीत नाही, हार्ड डिस्क आहे. ध्वनी आकड्यांच्या रूपाने तिच्यावर कुठेही पडून असतो. ‘ट्रॅक’ म्हणजे कोणता तुकडा केव्हा वाजवायचा याची केवळ नोंदवही. वही बदलली तरी तुकडे जागच्या जागी राहतात. म्हणून प्रत्येक ट्रॅकखाली आठ ‘आभासी’ ट्रॅक ठेवता आले. आठ गुणिले आठ, एकूण चौसष्ट. परंतु एका वेळी प्रत्येक आठातला एकच कानी पडे. गायिकेने एकच कडवे पाचदा गावे, पाचही जपावीत, आणि त्यांतल्या उत्तम ओळी सहाव्यावर जुळवाव्यात. अनेक ट्रॅक एकत्र केले तरी मूळचे आभासी ट्रॅकवर सुरक्षित असत. प्रमाण चुकले तर परत जाता येई. एबी रोडच्या तंत्रज्ञांनी याचा हेवाच केला असता.

‘आभासी’ हा शब्द मला काहीसा फसवा वाटतो. आवाज खराच असतो आणि जागाही खरीच अडवतो. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट, या हिशेबाने न आवळलेल्या एका मिनिटाला सुमारे ५ मेगाबाइट लागतात. तेव्हाच्या लहान डिस्क त्यामुळे लवकर भरत, आणि पाच गायनांपैकी कोणते काढून टाकायचे, हा प्रश्न पुन्हा उभा राही. फरक एवढाच की ते आता पाचही शांतपणे ऐकून झाल्यावर ठरवायचे होते. लेस पॉल २००९ साली, चौऱ्याण्णवाव्या वर्षी वारले. हे यंत्र त्यांच्या हयातीतच आले होते.