आठ रुपयांचे मत

फैजपूरच्या काँग्रेसची आठवण निघाली, की खानदेशात बोलणे होते ते नंदलाल बोसांच्या सजावटीचे आणि खेड्यात भरलेल्या त्या पहिल्या अधिवेशनाचे. टिळकनगरचे कौतुक मलाही आहे. पण डिसेंबर 1936 मध्ये जवाहरलालजींच्या अध्यक्षतेखाली तेथे ज्या कायद्याचा धिक्कार झाला, तो होता तरी काय, हे सहसा कोणी सांगत नाही. फराळाच्या ताटाशी कायदा वाढणे बरे नव्हे. परंतु त्यातले शेतसाऱ्याचे रुपये तुमच्या-माझ्या पणजोबांच्या कनवटीचे होते, तेव्हा वाचकांनी थोडी सबुरी धरावी.

1919 च्या सुधारणांनी मुंबई इलाख्याच्या कौन्सिलात निवडून आलेल्यांचे बहुमत झाले. तथापि शिक्षण, आरोग्य, शेती यांसारखी खातीच लोकांच्या मंत्र्यांकडे. पोलिस, सारा आणि तिजोरी गव्हर्नरच्या मंडळींकडे. सून घरात आली, पण कोठीच्या किल्ल्या सासूच्याच कमरेला! मतही खेड्यात बहुधा बत्तीस रुपये आकाराची जमीन असणाऱ्यालाच. 1935 च्या कायद्याने बत्तीसाचे आठ केले, लिहितावाचता येणाऱ्या स्त्रियांनाही मत दिले आणि 175 जागांची असेंब्ली उभी केली. फैजपूरची मागणी मात्र प्रत्येक प्रौढाला मत आणि त्या मतांतून घटना समिती, अशी होती. कायदा नाकारायचा, पण निवडणूक लढवायची, हा पेच तेथेही होता. मंत्रिपदे घ्यावीत की नाही, हा निर्णय निवडणुकीनंतरवर ढकलला गेला.

त्या सुधारणेतली सर्वांत शहाणी गोष्ट मला मतदानाच्या रीतीत दिसते. मुंबई प्रांतात जेथे एका मतदारसंघातून अनेक माणसे निवडायची, तेथे जितक्या जागा तितकी मते, आणि ती सगळी एकाच उमेदवाराच्या पदरात टाकण्याची मुभा. गावोगाव विखुरलेल्या थोड्या लोकांना एकवटून आपला माणूस धाडता येई. 1937 साली पूर्व खानदेशातून दौ. गु. जाधव डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडून आले. 1952 च्या निवडणुकीत दोन जागांचे मतदारसंघ राहिले, पण दोन्ही मते एकालाच देण्याची सोय गेली. हे नुकसानच झाले, असे माझे मत.

आणि सातपुडा? 1936 च्या हुकुमाने पश्चिम खानदेशातील शहादा, नंदुरबार, तळोदे तालुके, नवापूर पेटा, अक्राणी महाल व मेवासी सरदारांची गावे ‘अंशतः वगळलेला प्रदेश’ ठरली; पूर्व खानदेशातले सातपुड्याचे राखीव जंगलही त्यातच. गव्हर्नरने तसे जाहीर केल्याखेरीज असेंब्लीचा कायदा तेथे लागू होत नसे. म्हणजे फैजपूरच्या उत्तरेची डोंगररांगच नव्या कायदेमंडळाच्या कुंपणापलीकडे! भिल्लांना सावकारापासून वाचवण्याचे कारण सांगितले जाई. ते अगदीच खोटे नव्हते. साऱ्यावर मत मोजले, की सावकाराचे वजन आपोआप वाढते. पण भिल्लाला राखायचे म्हणून त्याच्याविषयीचा अखेरचा शब्द परक्या गव्हर्नरकडे ठेवायचा, हा न्याय मला पटत नाही.

1950 च्या घटनेने मत सर्वांना दिले. पाचव्या अनुसूचीत मात्र एखादा कायदा तेथे लागू नाही, असे जाहीर करण्याचा अधिकार राज्यपालांकडे उरला. सोबतीला आदिवासी सल्लागार परिषद आली. अक्राणी, तळोदे, नवापूर 1998 साली धुळ्यातून नव्या नंदुरबार जिल्ह्यात गेले, आणि ती अनुसूचीही त्यांच्याबरोबर गेली.