मिरांडाचा नकार आणि हॅस्केलचा जन्म

मागच्या व्याख्यानात आपण लिस्पपाशी थांबलो होतो. आज एकदम १९८७ सालात जाऊ. फंक्शनल प्रोग्रॅमिंगची, म्हणजे गणितात असतात तशा फंक्शन्सवरच सगळा प्रोग्रॅम उभा करायच्या पद्धतीची, तेव्हा विद्यापीठांत चांगली चलती होती. पण भाषा किती! ऑक्सफर्डची ऑर्वेल, केंब्रिजची पाँडर, स्वीडनमधल्या गॉथेनबर्गची लेझी एमएल... अशा डझनाहून जास्त. आणि बहुतेक सगळ्या ‘आळशी’. आळशी म्हणजे काय, तर उत्तराची खरोखर गरज पडेपर्यंत आकडेमोड करायचीच नाही. त्यामुळे १, २, ३ अशी कधीच न संपणारी यादीसुद्धा लिहून ठेवता येते. त्यातले पहिले दहा आकडे मागितले, की दहाच तयार होतात.

दिसायला या सख्ख्या बहिणी, पण एकीचा प्रोग्रॅम दुसरीकडे चालायचा नाही. एका गटाने केलेल्या कामाचा दुसऱ्याला थेट उपयोग नाही. मग नव्या माणसाने शिकायची तरी कुठली?

सप्टेंबर १९८७ मध्ये अमेरिकेत पोर्टलंडला परिषद भरली. तिथल्या बैठकीत ठरलं, की एक समिती नेमून सगळ्यांची मिळून एक भाषा करायची. यातली सगळ्यांत मुरलेली भाषा होती मिरांडा. (गोव्याकडच्या श्रोत्यांना हे आडनाव वाटेल, पण इथे ते भाषेचं नाव आहे.) ती केली होती इंग्लंडच्या केंट विद्यापीठातल्या डेव्हिड टर्नर यांनी, १९८५ च्या सुमारास. ती त्यांच्या कंपनीमार्फत परवाना घेऊनच मिळायची. समितीने त्यांना विचारलं, मिरांडा पायाला घेऊ का? अट एकच होती: पुढे ही भाषा कुणालाही बदलता, वाढवता आणि वाटता आली पाहिजे.

टर्नर नाही म्हणाले. समितीत यायलाही त्यांनी नकार दिला.

इथे त्यांना खलनायक ठरवायची घाई आपण करू नये. मिरांडाच्या बोलीभाषा निघाल्या, तर इथला प्रोग्रॅम तिथे चालणार नाही, ही त्यांची भीती होती. म्हणजे समितीला जो पसारा आवरायचा होता, तोच त्यांनाही नको होता. फक्त त्यांनी भाषा एका हातात ठेवली आणि समितीने ती मोकळी सोडायची ठरवली.

जानेवारी १९८८ मध्ये येल विद्यापीठात नावावर खल झाला. तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी यांच्या सन्मानार्थ आधी ‘करी’ ठरलं, पण लोक काय काय विनोद करतील या धास्तीने दुसऱ्या दिवशी ‘हॅस्केल’ केलं. पुढे करी यांच्या पत्नीला भेटून परवानगी घेतली, तेव्हा निघताना त्यांनी सांगितलं, की आपलं हे नाव यजमानांना कधी आवडलंच नव्हतं! पहिला अहवाल १ एप्रिल १९९० चा. तारखेवर जाऊ नका, अहवाल खरा होता.

मोकळेपणाचा उपयोग काय झाला, याचं एक उदाहरण आपल्या पुण्यातच आहे. १९९१ मध्ये ऑक्सफर्डला मार्क जोन्स यांनी हॅस्केलच्या वळणावर गोफर नावाची छोटी प्रणाली केली आणि सोर्स कोडसकट वाटली. पुणे विद्यापीठात ती शिकवण्यासाठी घेतली, पण जशीच्या तशी नाही. फंक्शन कशाला लावलंय हे विद्यार्थ्यांच्या नजरेत यावं म्हणून दोहोंच्या मध्ये टिंब द्यायची सोय केली आणि नाव ठेवलं पुगोफर. ‘पु’ पुण्याचा. टर्नर यांना नको होती ती बोलीभाषा हीच. पण वर्गात तिचा उपयोग होत होता.

आणि मिरांडा? २०२० मध्ये, म्हणजे सुमारे ३५ वर्षांनी, टर्नर यांनी तिचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला केला. २०२३ मध्ये ते गेले. आज मिरांडा कुणालाही आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेता येते, आणि वाटलं तर बदलताही येते.