मुलाखतीचं वजन

नोकरीचा अर्ज कसा लिहावा हे गोंदियातल्या मुलांना सांगताना मला नेहमी काश्मीरचा एक खटला आठवतो. श्रीनगरच्या रिजनल इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेशासाठी लेखी परीक्षेला १०० आणि मुलाखतीला ५० गुण होते. मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकते आणि आईवडील कोण, राहता कुठे एवढंच विचारतात, अशी उमेदवारांची तक्रार होती. ‘अजय हसिया’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये मुलाखतीचा एवढा वाटा मनमानी ठरवला. १५ टक्क्यांहून जास्त गुण नकोत, असं सांगितलं. मुलाखत रद्द झाली नाही. तिचं वजन ठरलं.

त्याआधीची वाट सेवायोजन कार्यालयातून जायची. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना काम मिळावं म्हणून १९४५ मध्ये ही कार्यालयं निघाली. १९५९ च्या कायद्याने सरकारी आणि २५ किंवा अधिक माणसांच्या खासगी आस्थापनांना रिक्त जागा कळवणं भाग पडलं. नेमणूक तिथूनच करा, अशी सक्ती मात्र नव्हती. तिथे माणूस रकान्यांत मावायचा. आपला ‘बायोडाटा’ त्याच रकान्यांचा वारस.

१ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारने गट क आणि अराजपत्रित गट ब पदांच्या मुलाखती बंद केल्या. नागरी सेवा परीक्षेत आजही २०२५ पैकी २७५ गुण मुलाखतीला आहेत, म्हणजे साधारण साडेतेरा टक्के. खासगी नोकरीत असं माप नाही. तिथे दार उघडतो तो रेझ्युमे.

आणि तिथेच आमची पोरं कमी लिहितात. भाषांच्या रकान्यात मराठी, हिंदी, इंग्रजी लिहून थांबतात. घरी बोलतात ती पोवारी किंवा गोंडी गाळतात. गावोगाव फिरून काम करणाऱ्या संस्थेला नेमकी तीच हवी असते. सुटीत राइस मिलमध्ये हिशेब ठेवला, तेंदूपत्ता संकलन केंद्रावर पुडके मोजले, हेही त्यांना ‘अनुभव’ वाटत नाही. ‘मेहनती, प्रामाणिक’ कुणीही लिहितो. किती महिने, किती पोत्यांचा हिशेब, हे ज्याने केलं तोच लिहू शकतो. आणि मुलाखतीत पुढचा प्रश्न त्याच ओळीवर येतो.

आईवडील काय करतात, हा प्रश्न अजूनही येतो. उत्तर लपवू नये. एका वाक्यात सांगावं आणि आपल्या कामावर यावं.