दुर्गाघाटचे रेडिओवाले तात्या

काशीच्या पंचगंगा घाट आणि ब्रह्मघाट यांच्या मध्ये दुर्गाघाट आहे. पायऱ्या चढून वर आले की ब्रह्मचारिणी दुर्गेचे देऊळ लागते आणि त्याच्या पलीकडे ज्या अरुंद गल्ल्या सुरू होतात, त्यांतून आजही मराठी कानी पडते. पेशव्यांना गुरुस्थानी असलेले नारायण दीक्षित अठराव्या शतकात येथे येऊन राहिले, त्यांनी घाट बांधविले. नाना फडणविसांचा वाडाही याच वस्तीत. या वस्तीचा इतिहास लिहिणारे वेदशास्त्रसंपन्न घराण्यांविषयी, अन्नछत्रांविषयी, गणेशोत्सवाविषयी भरभरून लिहितात आणि ते योग्यच आहे. मला मात्र आज ज्यांच्याविषयी बोलावयाचे आहे ते ना वैदिक होते, ना दानशूर. ते रेडिओ दुरुस्त करीत. त्यांचे नाव मी सांगत नाही. नाव घेतलेले त्यांना रुचले नसते. साऱ्या गल्लीचे ते तात्या होते, माझेही तात्याच.

माझी त्यांची पहिली आठवण १९८७ सालची. त्या वर्षी जानेवारीपासून दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर रामायण सुरू झाले आणि दर शनिवारी तात्यांना मान वर करावयास सवड मिळेनाशी झाली. ज्याचा संच बिघडला तो शनिवारीच धावत येई. मी बॅटरीचा दिवा धरून त्यांच्याजवळ उभा राहत असे. डाख देताना राळेचा जो धूर निघतो त्याचा वास मला अजूनही कुठे आला की मी सात वर्षांचा होतो. संच समोर आला की तात्या तो लगेच उघडत नसत. आधी त्याला कान लावीत. गुणगुण कसली आहे, खरखर कोठून येते, आवाज येऊन मग जातो की मुळात येतच नाही, हे सारे ऐकून घेत आणि मगच पेचकस हाती घेत. मला वाटे, ही त्यांची लकब आहे. ती लकब नव्हती, ती युद्धात लागलेली सवय होती, हे पुष्कळ वर्षांनी कळले.

१९४१ साली, मॅट्रिक झालेले, वीस वर्षांचे तात्या घरी न सांगता फौजेत भरती झाले. इंग्रजी येत होते म्हणून त्यांना जबलपूरच्या सिग्नल प्रशिक्षण केंद्रात धाडण्यात आले. तेथे ते मोर्स शिकले, आणि पुढे वायरलेसचे यंत्रही. ज्या घरात पाठांतर म्हणजे ऋचांचे पाठांतर, त्या घरचा मुलगा टिंब आणि रेघा पाठ करू लागला. हे विजोड वाटते खरे, पण तात्या म्हणत की दोन्हींत फरक फारसा नाही. दोन्हीकडे ऱ्हस्वदीर्घ चुकले की अर्थ गेला.

१९४४ च्या मार्चमध्ये जपानी सैन्याने चिंदविन नदी ओलांडून मणिपूरवर चाल केली तेव्हा तात्या इंफाळात होते. त्या लढाईची हकीगत पुस्तकांतून मिळते: कोहिमाचा रस्ता तुटला, वेढ्यातील फौजेला विमानांतून रसद पुरवावी लागली, आणि २२ जूनला मैल १०९ या दगडापाशी दोन्हीकडच्या फौजा भेटून रस्ता खुला झाला. तात्यांच्या तोंडून मात्र दुसरीच लढाई ऐकावयास मिळे. तिच्यात मुख्य शत्रू होता दमटपणा. पावसाळ्यात संचांच्या आत बुरशी धरे, तारांवरचे वेष्टण मऊ पडे, विजेला नको तेथे वाट सापडे. त्यावर सर्व जोडांना वार्निशाचा हात देण्याची युक्ती निघाली. बॅटऱ्या भरावयाचे छोटे पेट्रोलचे इंजिन खेचराच्या पाठीवर जाई. ते डोंगरात सुरू केले की आवाज कोसभर पोहोचे, म्हणून ते केव्हा लावावयाचे हाही लढाईचाच प्रश्न असे. बंदूक चालविणाऱ्याचे शौर्य दिसते. हा आटापिटा कोणाच्या लक्षातही राहत नाही, कारण यंत्र चालू असले म्हणजे त्यामागे कोणी आहे याची आठवण राहत नाही.

इंफाळच्या ईशान्येस सांगशाक म्हणून नागांचे गाव आहे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तेथे पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर मराठा पलटणीची चौथी बटालियन घेरली गेली होती. पाणी नाही, विमानांतून टाकलेली रसद बरीचशी जपान्यांच्या हाती पडे. २६ मार्चला संध्याकाळी वेढा फोडून बाहेर पडण्याचा हुकूम वायरलेसवरून गेला आणि त्यानंतर तिकडचा आवाज थांबला. तात्या सांगत की त्या रात्री इंफाळात त्यांच्या शेजारी बसलेला एक पंजाबी हवालदार 'संपले सगळे' असे म्हणाला. तात्या म्हणाले, नाही. आवाज बंद झाला म्हणजे माणसे मेली असे नाही, निघण्यापूर्वी संच फोडले असतील. शत्रूच्या हाती यंत्र पडू नये म्हणून तसे करावयाचेच असते. खरेच, त्या वेढ्यातून पुष्कळजण रानावनांतून पुढे इंफाळास पोहोचले. हा प्रसंग सांगताना तात्यांचा स्वर जरा बदले. सारे आयुष्य ज्यांनी आपली भाषा काशीत जपली, त्यांना ती भाषा बोलणाऱ्यांचा ठाव त्या रात्री केवळ एका यंत्राच्या शांततेवरून लावावा लागला होता.

पण ज्याला ऐकण्याचे यंत्र मिळते त्याला एकाच बाजूचे ऐकून भागत नाही. रात्र झाली की त्याच हेडफोनवर रंगून लागे. ६ जुलै १९४४ रोजी सुभाषबाबूंनी आझाद हिंद रेडिओवरून महात्मा गांधींना उद्देशून भाषण केले. त्यात त्यांनी गांधीजींना राष्ट्रपिता म्हटले. ते भाषण तात्यांनी इंग्रजांच्या संचावर, इंग्रजांच्या गणवेशात बसून ऐकले. समोरच्या डोंगरांत आझाद हिंद फौज होती आणि तिच्यातले कित्येक जण काल-परवापर्यंत याच फौजेत होते. आपण कोणाचे यंत्र दुरुस्त करतो आहोत, हा प्रश्न तात्यांना तेव्हा पडला आणि तो पुढे सत्तर वर्षे त्यांच्याजवळच राहिला.

युद्ध संपले. १९४५ च्या नोव्हेंबरात लाल किल्ल्यात आझाद हिंदच्या अधिकाऱ्यांवर खटला सुरू झाला. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत आरमारी खलाशांचे बंड पेटले, ते 'तलवार' या ठाण्यावर. आणि 'तलवार' ही आरमाराची सिग्नल शाळा होती. तेथील संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान आणि उपाध्यक्ष मदनसिंग हे दोघेही संदेशवहनाच्याच कामातले. नवव्या दिवशी, २७ फेब्रुवारीला, जबलपूरच्या सिग्नल केंद्रातले जवान बराकी सोडून काँग्रेसचे आणि लीगचे झेंडे घेऊन शहरात निघाले. बंडाची ठिणगी दोन्ही ठिकाणी सिग्नलवाल्यांतच पडावी, हा मला तरी योगायोग वाटत नाही. जगात काय चालले आहे ते सर्वांत आधी त्यांच्या कानी पडत होते.

त्या दिवशी तात्या जबलपुरात होते. सुटकेचे कागद आठवड्याभरात हाती यावयाचे होते. त्यांचे सोबती फाटकाबाहेर गेले. तात्या कर्मशाळेतच बसून राहिले. समोर एक संच उघडा पडला होता, तो त्यांनी पुरा केला. पुढे बाहेर गेलेल्यांपैकी काहींना तुरुंग मिळाला, काहींना बडतर्फी. तात्यांना मिळाले सुटकेचे पत्र आणि बनारसचे तिकीट. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली. मी तेव्हा नुकताच सरकारी नोकरीत लागलो होतो. नोकरीतल्या माणसाला फाटकाबाहेर न जाण्याची कारणे चटकन सुचतात, तशी मला सुचली आणि मी ती बोलूनही दाखविली. तात्यांनी ती ऐकून घेतली, एवढेच.

युद्धापुरते भरती झालेल्यांना निवृत्तिवेतन नव्हते. युद्धातील शिल्लक वायरलेस सामान तेव्हा बाजारात मणाच्या भावाने विकले जाई. त्यातले काही आणून तात्यांनी घराखालच्या खोलीत दुकान मांडले. ३० जानेवारी १९४८ च्या रात्री अर्धी गल्ली त्या खोलीसमोर उभी राहून नेहरूंचे भाषण ऐकत होती, असे माझी आजी सांगे. पुढे व्हॉल्व्ह जाऊन ट्रान्झिस्टर आले, मग दूरदर्शन आले. १९७८ च्या महापुरात गंगा ७३.९ मीटरपर्यंत चढली तेव्हा तात्यांनी दुकानातले सारे संच तिसऱ्या मजल्यावर वाहून नेले. आधी गिऱ्हाइकांचे, मग स्वतःचे.

आमच्या वस्तीवर त्यांचे खरे ऋण आहे ते निराळेच. मध्यमलहरी दिवसा दूर जात नाहीत. उन्हामुळे वातावरणाच्या वरच्या भागात जो विद्युत्भारित थर तयार होतो तो त्यांना शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि त्याहून उंचावरचा थर लहरींना परत खाली वळवितो. म्हणून काशीत दिवसा न लागणारे मुंबई केंद्र रात्री लागे. तात्यांनी घरोघरी गच्चीवर तारा बांधून दिल्या, त्यांची दिशा ठरवून दिली आणि त्याचे पैसे कधी घेतले नाहीत. महाराष्ट्र न पाहिलेल्या कितीतरी आज्यांनी रात्री दहानंतर, खरखरीतून, कीर्तने ऐकली.

तात्या २०१४ साली गेले, त्र्याण्णवाव्या वर्षी. शेवटची दोन वर्षे त्यांना ऐकू येत नव्हते. तरीही समोर रेडिओ ठेवला की ते त्याच्या लाकडी पेटीवर तळहात टेकवीत आणि कंपावरून सांगत की लागला आहे, की नुसता गुरगुरतो आहे.

दुकान आवरताना त्यांच्या नातवाला खिळेस्क्रूंच्या डब्यात रिबिनीचा एक तुकडा सापडला. निळा, मध्ये लाल, दोन्ही अंगांना नारिंगी रेघ. ही कसली फीत म्हणून तो माझ्याकडे विचारावयास आला. ब्रह्मदेशच्या मोहिमेच्या पदकाची, असे मी सांगितले. पदक डब्यात नव्हते. तो तुकडा त्यांनी एका व्हॉल्व्हभोवती गुंडाळून ठेवला होता, काच फुटू नये म्हणून.