कुत्रा छाप

ज्या मराठी घरात फोनो होता, त्या घरात देवांच्या तसबिरींखालोखाल एका कुत्र्याची चित्रं असायची. प्रत्येक तबकडीवर तो, कर्ण्यासमोर मान कलती करून बसलेला. लोक हिज मास्टर्स व्हॉइस वगैरे म्हणत नसत, सरळ 'कुत्रा छाप' म्हणत. आपले भावगीतगायक जी. एन. जोशीही पुढे याच कुत्र्याच्या कंपनीत नोकरीला होते. पण हा कुत्रा काढला कुणी, असं विचारलंत तर सगळं घर गप्प!

कुत्र्याचं नाव निपर. आल्यागेल्याच्या पोटऱ्यांना तोंड लावायची खोड, म्हणून निपर. त्याचा धनी मार्क बॅरो १८८७ साली वारला आणि कुत्रा आला चित्रकार भावाकडे, फ्रान्सिस बॅरोकडे. वारसदाखला नाही, दोन जामीन नाहीत, काही नाही. १८९५ साली निपरही गेला. चित्र काढलं ते त्यानंतर तीन वर्षांनी. म्हणजे धनी नाही, कुत्राही नाही, आणि मान मात्र अशी कललेली की आत्ता शेपूट हलवील.

मूळ चित्रात नळकांड्याचा फोनोग्राफ होता. नमुन्याला पितळी कर्णा उसना मिळेल का, म्हणून बॅरो लंडनच्या ग्रामोफोन कंपनीत गेला. तिथले मॅनेजर ओवेन म्हणाले, आमचं तबकडीचं यंत्र काढा, चित्रच घेतो. बॅरोने जुन्या यंत्रावरच नवं रंगवलं. (आमच्याकडे खाडाखोडीवर सही लागते.) १८९९ साली पैसे चुकते झाले: चित्राचे ५० पौंड, हक्काचे ५०. पुढे त्याच चित्राच्या २४ नकला बॅरोने स्वतः काढल्या. तेच खातं, नवं पान! हा माणूस मला जवळचा वाटतो तो इथे.

सगळे म्हणतात, कुत्रा गाणं ऐकतोय. मला नाही पटत. आमच्या वाशिंद स्टेशनावरचा कुत्राही भोंग्यातून आवाज आला की अशीच मान करतो आणि मग भोंग्याच्या मागे जाऊन बघतो. आवाज आहे, मग माणूस कुठाय? बॅरोने नेमकं तेच रंगवलंय.

निपरला किंग्स्टन गावी तुतीच्या झाडाखाली पुरलं होतं. पुढे त्या जागेवर बँकेची शाखा झाली. तिथे केबिनमधून साहेबांचा आवाज आला की काउंटरवरचे कारकून मान कशी करत असतील, ते मी वाशिंदला बसून सांगू शकतो.