दाढीच्या ब्रशाचें माप

दाढीचा ब्रश ही वस्तु एवढीशी. तिला इतिहास तो कसला, असें कोणासहि वाटेल. दुकानांत जाणारा गृहस्थ दांड्याची झिलई पाहतो, किंमत विचारतो आणि पुष्कळदां सर्वांत जाडजूड झुपक्याचा ब्रश घेऊन घरीं येतो. मोठा ब्रश म्हणजे चांगला ब्रश, अशी त्याची समजूत असते. ती कां चुकीची आहे हें कळण्यास दाढी कोण करीत असे, कोणाची करीत असे आणि कशानें करीत असे, हें थोडें मागें जाऊन पाहावें लागतें. त्यासाठीं कोल्हापूरचा प्रांत फार सोयीचा आहे.

जुन्या गांवगाड्यांत न्हावी हा बारा बलुतेदारांपैकीं एक. वर्षभर गांवाची हजामत करावी आणि सुगीला खळ्यावर जाऊन बलुतें घ्यावें, हा त्याचा शिरस्ता. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘गांव-गाडा’ या ग्रंथांत या व्यवस्थेचें सविस्तर वर्णन आहे. न्हाव्याच्या धोकटींत वस्तरा, कात्री, नराणी, चिमटा, आरसा आणि पाण्याची वाटी एवढा सरंजाम असे. ब्रशाची त्याला गरज नव्हती. वाटींतल्या पाण्यांत बोटें भिजवून तो गाल चोळी, आणि केस मऊ झाले म्हणजे वस्तरा चालवी. यांत अडाणीपणा कांहींच नव्हता. दाढीचा कोरडा केस फार चिवट असतो. दोन-तीन मिनिटें पाणी मुरलें कीं तो फुगतो, नरम होतो आणि सहज कापला जातो. ब्रशाचें खरें काम तरी हेंच. न्हाव्याचीं बोटें हाच त्याचा ब्रश होता, आणि तो प्रत्येक चेहऱ्याच्या मापाचा होता.

या समाजाची योग्यता वस्तऱ्यापुरती नव्हती. १६६० सालीं सिद्दी जौहरानें पन्हाळगडास वेढा घातला असतां शिवाजीमहाराज जुलै महिन्यांत रात्रीच्या वेळीं विशाळगडाकडे निसटले. त्या वेळीं महाराजांचा वेष घेऊन दुसऱ्या पालखींतून जाऊन ज्यानें शत्रूस चकविलें आणि आपला प्राण दिला, तो शिवा काशीद न्हावी समाजांतला, असें परंपरा सांगते. पन्हाळ्यावर त्याचें स्मारक आहे. परंतु ज्या समाजानें असा पुरुष दिला, त्याच्या हातावरहि गांवाचा एक दंडक होता. अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या गालास तो हात लागतां कामा नये! कोणाची दाढी करावयाची हें न्हावी ठरवीत नसे. गांव ठरवीत असे.

इकडे हा क्रम चालू असतां युरोपांत दाढीला साबण लावण्याचें निराळें साधन निघालें होतें. अठराव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समध्यें बॅजर नांवाच्या, बिळांत राहणाऱ्या प्राण्याच्या केसांचे ब्रश होऊं लागले. हा केस टोंकाशीं निमुळता व मऊ आणि मध्यें जाड असतो. त्यामुळें झुपक्यांत पाणी पुष्कळ राहतें व गालाला टोंचत नाहीं. तथापि ब्रश घरोघर जाण्यास आणखी एक गोष्ट घडावी लागली. उघडा वस्तरा स्वतःच्या गळ्यावर चालविणें सोपें नव्हे. अमेरिकेंत किंग जिलेट यानें पातें बदलतां येणारा सुरक्षित वस्तरा काढला. १९०३ सालीं त्याचे अवघे ५१ वस्तरे खपले. पुढच्याच वर्षीं ९०,००० हून अधिक खपले. आतां कोणाहि माणसास आरशापुढें उभें राहून स्वतःची दाढी करतां येऊं लागली, आणि न्हाव्याच्या बोटांचें काम ब्रशाकडे आलें.

शहरांत याच सुमारास दुसरा बदल होत होता. धोकटी घेऊन दारोदार जाणारा न्हावी खुर्ची मांडून दुकानांत बसूं लागला. बलुत्याच्या जागीं रोख पैसा आला आणि वाटीच्या जोडीला साबण व ब्रश आला. एका ब्रशानें दहा जणांच्या गालांवर फेंस होऊं लागला. मग साहजिकच जुना दंडक आड आला: हे दहा जण कोण? कोल्हापुरांत शाहू छत्रपतींचें राज्य १८९४ पासून १९२२ पर्यंत चाललें, आणि असले प्रश्न त्यांनीं टाळले नाहींत. १९१९ सालीं त्यांनीं शाळा, दवाखाने व सार्वजनिक जागा यांत अस्पृश्यांस समतेनें वागविण्याचे हुकूम काढले. गंगाराम कांबळे यांनीं चहाचें दुकान काढलें, तेव्हां महाराज स्वतः तेथें जाऊन चहा प्याले. निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठीं त्यांच्या उत्तेजनानें वसतिगृहें उभीं राहिलीं. त्यांत नाभिक समाजाचेंहि होतें. चहाच्या पेल्याचा जो प्रश्न, तोच दुकानांतल्या ब्रशाचा. हुकुमानें सार्वजनिक दार उघडतें. गालावरची शिवाशीव नाहींशी होण्यास त्याहून पुष्कळ अधिक काळ लागला.

सामायिक ब्रशाला शिवाशिवीहून निराळा असा एक खरा धोकाहि होता, आणि तो पहिल्या महायुद्धांत जगाच्या दृष्टीस पडला. त्या काळीं ब्रिटिश फौजेंत दाढी करणें सक्तीचें होतें. मिशी ठेवण्याची सक्ती मात्र १९१६ च्या ऑक्टोबरांत उठली. लक्षावधि शिपायांना ब्रश हवे झाले, आणि युद्धामुळें केसांचा नेहमींचा व्यापार तुटला. तेव्हां चीन, सैबेरिया, जपान इकडून आलेले घोड्याचे केस बॅजरसारखे दिसतील अशा रीतीनें तयार करून ब्रशांत भरले गेले. ते नीट निर्जंतुक केलेले नव्हते. गुरांना होणारा अँथ्रॅक्स हा रोग त्यांतून माणसांच्या चेहऱ्यास व मानेस जडला. वस्तऱ्याच्या बारीकशा जखमेंतून विष शिरे, काळी पुळी उठे आणि कित्येक दगावले. १९२० सालीं ब्रिटननें जपानी दाढीच्या ब्रशांची आयात कायद्यानें बंद केली. तेव्हां ज्याचा ब्रश त्याचा, आणि तो कशाचा आहे हें ठाऊक असलेला, ही शिस्त नुसती चोखंदळपणाची नाहीं. ती प्राणांचें मोल देऊन शिकलेली आहे.

ब्रश स्वतःचा झाला म्हणजे माप निवडतां येतें. दुकानांतला ब्रश सर्वांसाठीं, म्हणून मधल्या मापाचा. घरचा ब्रश एकाच चेहऱ्याचा. माप दोन आंकड्यांत सांगतात. झुपका दांड्यांत शिरतो तेथला व्यास हा एक, आणि दांड्याबाहेरच्या केसांची उंची हा दुसरा. वीस ते बावीस मिलिमीटर व्यासाचा ब्रश लहान, चोवीसचा मध्यम, सव्वीस ते अठ्ठावीसचा मोठा. उंची बहुधा पन्नास मिलिमीटरच्या आसपास असते. व्यास तोच ठेवून उंची वाढली तर झुपका लुळा पडतो. उंची कमी झाली तर ताठ होतो. जो साबण थेट गालावरच घोळवितो, त्याला लहान आणि कांहींसा ताठ ब्रश हवा. जो वाटींत फेंस करून मग लावतो, त्याला मोठा चालतो. पण मोठा ब्रश साबणहि अधिक खातो आणि वाळण्यास वेळहि अधिक घेतो. भरघोस मिशी राखणाऱ्यानें तर मोठ्या ब्रशाच्या वाटेस जाऊंच नये. ओंठाच्या कडेनें, नाकाखालून आणि कल्ल्यांजवळून तो नेमका फिरत नाहीं, आणि अर्धा फेंस मिशींत जातो. कोल्हापुरांत ही सूचना अनाठायीं ठरूं नये.

केस कोणता घ्यावा याचाहि विचार आज करावा लागतो. ब्रिटनमध्यें १९७३ पासून बॅजरला कायद्याचें संरक्षण आहे. आजच्या ब्रशांचा बहुतेक केस चीनमधून येतो, आणि तो जनावर मारूनच मिळतो. उलट कृत्रिम तंतूंचे ब्रश आतां इतके मऊ निघतात, आणि वाळतातहि इतके लवकर, कीं केवळ दाढीच्या सोयीसाठीं बॅजरचा आग्रह धरण्याचें कारण उरलेलें नाहीं. ब्रश कोणताहि असो, वापरल्यावर स्वच्छ धुवावा, पाणी झटकावें आणि हवेशीर जागीं वाळूं द्यावा.

गांवच्या न्हाव्याला गालाचें माप विचारावें लागत नसे; त्याच्या बोटांना तें ठाऊक होतें. ब्रश विकत घेणाऱ्यानें तेंच माप आतां स्वतः शोधावयाचें आहे. त्यासाठीं दांड्याच्या झिलईपेक्षां आरशांतला आपला चेहरा पाहिला, तर पैसे वांचतील आणि दाढीहि चांगली होईल.